आधी मुलाच्या डोक्याचं माप घ्या, मग गाडी बघायला जा

पत्र: आम्ही घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहतो. मुलगा सप्टेंबरमध्ये अठरा पूर्ण करेल. यंदा त्याला ऐरोलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जायचं आहे आणि त्यासाठी २०० सीसीची बाइक हवी आहे. सध्या तो माझ्या दिरांची ११० सीसीची स्कूटर घेऊन मानपाड्याला क्लासला जातो. 'सर्व्हिस रोडनेच तर जातो' म्हणून घरात कुणी अडवत नाही. हेल्मेट कोपराला अडकवलेलं असतं, पोलीस दिसले की डोक्यावर चढतं. तेही रस्त्याकडेला तीनशे रुपयांत घेतलेलं. केस गळतात, मान दुखते, बाजूचं दिसत नाही, हॉर्न ऐकू येत नाही, अशी त्याची कारणं. आमचे हे सात वर्षांच्या धाकटीला रोज स्कूटरवरून शाळेत सोडतात, दोघांच्याही डोक्यावर काही नसतं. मी मुलाला बोलले की तो बाबांकडे बोट दाखवतो. बाइक घेऊन द्यावी का? आणि द्यायची तर हेल्मेटचं काय करावं? जास्त बोललं की घरात भांडण होतं.
— एक आई, ठाणे

ताई, नमस्कार.

तुम्ही सप्टेंबरनंतरच्या बाइकबद्दल विचारलंय. मला काळजी वाटली ती आज संध्याकाळी क्लासला जाणाऱ्या स्कूटरची. ती चावी आजच दिरांकडे परत द्या. भांडण झालं तरी चालेल.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९९अ आलं. अल्पवयीन मुलगा गाडी चालवताना गुन्ह्यात सापडला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. मुलाने गाडी पालकांच्या संमतीनेच नेली, असं न्यायालय गृहीत धरतं. 'आम्हाला माहीतच नव्हतं' हे पटवून देण्याची जबाबदारी तुमच्यावर येते, आणि तुमच्या घरात तर सगळ्यांना माहीत आहे. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. मुलाला वयाची २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. हे शेवटचं वाक्य त्याला स्वतः वाचू द्या. ज्या २०० सीसीसाठी तो हट्ट धरून बसलाय, ती आणखी सात वर्षं लांब जाऊ शकते. दिरांनाही हे सांगा, कारण कागदावर मालक ते आहेत. अपघातात दुसऱ्या कुणाला लागलं, तर विमा कंपनी त्या माणसाला भरपाई देते आणि ते पैसे नंतर मालकाकडून वसूल करायला येते.

कुणी सांगेल की सोळाव्या वर्षीही लायसन्स मिळतं. मिळतं, पण फक्त ५० सीसीपर्यंतच्या गाडीसाठी. ११० सीसीची स्कूटर त्यात बसत नाही.

आता सर्व्हिस रोडचं. जवळच जायचंय, हळूच चालवतो, मग हेल्मेट कशाला, हा समज घरोघरी आहे आणि तो शाळेतल्या फिजिक्सने खोडून काढता येतो. मुलगा इंजिनिअरिंगला जातोय, त्यालाच गणित करायला सांगा. दीड मीटर उंचीवरून पडलेली वस्तू जमिनीला किती वेगाने आपटते? उत्तर येतं ताशी साधारण २० किलोमीटर. गाडीचा वेग यात धरलेलाच नाही. सिग्नलला उभी असलेली स्कूटर पेव्हर ब्लॉकवरच्या चिखलात घसरली, तरी चालवणाऱ्याचं डोकं याच वेगाने डांबरावर किंवा दुभाजकाच्या कडेवर येतं. कवटी तिथल्या तिथे थांबते, आतला मेंदू थांबत नाही, तो कवटीच्या आतल्या बाजूवर आदळतो. आणि घोडबंदरचा सर्व्हिस रोड काही बागेतली पायवाट नाही. मेट्रोच्या कामाचे बॅरिकेड, उलट्या दिशेने येणारे डिलिव्हरीवाले, मध्येच थांबणाऱ्या रिक्षा, सोसायटीच्या गेटमधून बाहेर येणाऱ्या गाड्या. शेजारच्या मुख्य रस्त्यावर गुजरातकडे जाणारे कंटेनर. अशा ठिकाणी वेग कमी असतो म्हणून पडणं टळत नाही.

तीनशेच्या हेल्मेटविषयी मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण ते हेल्मेट असूनही काही कामाचं नाही, आणि बहुतेक घरांत हीच परिस्थिती आहे.

हेल्मेटचं वरचं कडक कवच सगळ्यांना दिसतं. खरं काम त्याच्या आतला जाड थर्माकोलसारखा थर करतो. डोकं आपटलं की तो थर दबतो, चुरगळतो, आणि तेवढ्या दबण्यात डोकं थांबायला थोडा जास्त वेळ मिळतो. हा वेळ काही हजारांश सेकंदांचा असतो, पण मेंदूला बसणारा धक्का त्यानेच कमी होतो. रस्त्याकडेच्या पुष्कळशा हेल्मेटांत हा थर नसतो, असला तर पुठ्ठ्याइतका पातळ असतो, त्यावर स्पंज आणि कापड चिकटवलेलं असतं. घरातलं हेल्मेट घ्या, आतलं कापड बाजूला करून बोटाने दाबून बघा. बोट मऊ स्पंजातून थेट प्लास्टिकला लागलं, तर ते हेल्मेट फेकून द्या. कुणाला देऊ नका.

एकदा दबलेला हा थर पुन्हा फुगत नाही. म्हणून जोराने आपटलेलं हेल्मेट वरून छान दिसलं तरी बदलायचं. आरशावर अडकवून ठेवलं की आरशाचं टोक याच थराला आतून खड्डा पाडतं. तुमच्या मुलासारखं कोपराला अडकवलं तर पडताना डोकं उघडं राहतं आणि कोपर मात्र अवजड ओझ्यासकट आपटतं. पेट्रोल किंवा थिनरने पुसलं, तर पॉलिकार्बोनेटचं कवच कमकुवत होतं. साबणाचं पाणी पुरतं.

भारतात दुचाकीच्या हेल्मेटचं मानक आयएस ४१५१ हे आहे. १ जून २०२१ पासून या मानकाप्रमाणे आयएसआय चिन्ह नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवायला आणि विकायला बंदी आहे. मानकात धक्का शोषण्याची, टोकदार वस्तू आत न घुसण्याची, पट्टा ताणल्यावर न तुटण्याची आणि बाजूची नजर मोकळी राहण्याची चाचणी असते. मुलाची 'बाजूचं दिसत नाही' ही तक्रार त्यामुळे खऱ्या हेल्मेटला लागू पडत नाही. मोठ्या मापाचं, डोक्यावर फिरणारं हेल्मेट घातलं तर मात्र काच सरकते आणि खरोखरच दिसत नाही. तक्रार खरी असेल, पण ती मापाची आहे.

आयएसआयचा स्टिकर खोटाही छापून मिळतो. खऱ्या चिन्हाच्या वर आयएस ४१५१ लिहिलेलं असतं आणि खाली सीएम/एल पासून सुरू होणारा परवाना क्रमांक. मोबाइलवर बीआयएस केअर हे सरकारी ॲप घ्या, दुकानात उभं राहूनच तो क्रमांक टाका. कंपनीचं नाव आणि परवाना चालू आहे की नाही, ते समोर येतं. क्रमांकच नसेल किंवा भलत्याच वस्तूचा निघाला तर दुकानातून बाहेर पडा. परदेशी मानकांची, म्हणजे ईसीई किंवा डॉटची अक्षरं हेल्मेटवर असतील तर चांगलंच, पण आयएसआय त्याबरोबर हवंच. हजार-दीड हजारात साधं, खरं, पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट मिळतं. त्याहून महाग घेतलं तर हवा खेळती राहते, वजन कमी होतं, अस्तर काढून धुता येतं. रोज कासारवडवली ते ऐरोली करणाऱ्याला या सोयी उपयोगी आहेत, म्हणून जमलं तर थोडे जास्त पैसे इथे घाला आणि गाडीच्या ॲक्सेसरीजवरचे कमी करा.

माप मात्र स्वतः घ्या. मुलांचे बूट आपण दुकानात घालून, चालून बघून घेतो, आणि हेल्मेट नजरेच्या अंदाजाने. शिंप्याची टेप भुवयांच्या वरून, मागे डोक्याचा जो भाग सगळ्यात फुगीर असतो तिथून फिरवा. ५८ सेंटिमीटर आलं तर हेल्मेटवर ५८० मिमी शोधा. घातल्यावर गाल दाबले गेले पाहिजेत. हेल्मेट हाताने डावी-उजवीकडे फिरवलं की कपाळाची कातडीही त्याबरोबर हलली पाहिजे. पट्टा लावून मागच्या कडेला धरून वर-पुढे ओढा, निघून आलं तर मोठं आहे. मग दुकानातच दहा-पंधरा मिनिटं डोक्यावर ठेवा. कपाळावर एकाच जागी दुखायला लागलं, तर माप बरोबर असूनही आकार जुळत नाही, दुसरी कंपनी बघा. मान दुखण्याचं कारणही बहुधा इथेच सापडतं. ढिलं हेल्मेट वाऱ्याने हलत राहतं आणि मान ते सावरत राहते.

अर्धं हेल्मेट घेऊ नका. पडताना हनुवटी आणि जबडा फार वेळा आपटतो आणि अर्ध्या हेल्मेटात तो भाग उघडा असतो. काच पारदर्शकच घ्या. काळी काच मुलांना आवडते, पण संध्याकाळी साडेसातला गायमुखकडून समोरच्या दिव्यांचा झोत आणि अंधारातला खड्डा दोन्ही एकदम येतात, तेव्हा ती घातक ठरते.

पट्टा. कायद्याच्या कलम १२९ मध्येच लिहिलंय की हेल्मेट पट्ट्याने डोक्याला घट्ट बांधलेलं असलं पाहिजे. बक्कल न लावलेलं हेल्मेट पडण्याच्या पहिल्या क्षणात निघून जातं, डोकं जमिनीवर आणि हेल्मेट दुभाजकापलीकडे. पट्टा आणि हनुवटीमध्ये दोन बोटं जातील एवढाच सैल ठेवायला सांगा.

केसांचं. अठराव्या वर्षी मुलाला ही भीती खरीच वाटते, तिची थट्टा करू नका. पुरुषांना पडणारं टक्कल बहुतांशी आनुवंशिक असतं, हेल्मेटने ते येत नाही. घामट, कधीच न धुतलेल्या अस्तराने मात्र कोंडा आणि खाज होते. हेल्मेटखाली पातळ सुती टोपी घालायची आणि ती रोज धुवायची, अस्तर दर पंधरवड्याला धुवायचं, ओल्या केसांवर हेल्मेट घालायचं नाही. हॉर्नचं म्हणाल तर हेल्मेटने वाऱ्याचा घोंगावाही कमी होतो, त्यामुळे हॉर्न ऐकू येतो. कान खरे बंद होतात ते आत घातलेल्या इअरफोनने. तो खिशात ठेवायचा.

आता ज्या गोष्टीसाठी तुम्ही पत्र लिहिलंत असं मला वाटतं, त्याकडे येते. तुमच्या यजमानांकडे.

मुलगा बाबांकडे बोट दाखवतो, आणि त्याचं बरोबर आहे. सतरा वर्षं त्याने जे पाहिलं तेच तो करतोय. हे त्यांना भांडणात सांगू नका. एखाद्या निवांत रात्री धाकटी झोपल्यावर सांगा, आणि तिच्याबद्दल सांगा. कलम १२९ आता चार वर्षांवरच्या प्रत्येकाला लागू आहे, चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्यालाही. सात वर्षांची मुलगी त्यात येते. कलम १९४ड मध्ये हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स अपात्र अशी तरतूद आहे. पण दंडाचा धाक घालून हे पटणार नाही, तो माणूस रोज त्याच रस्त्याने जातो आणि त्याला कुणी अडवलेलं नाही. त्यांना हे सांगा: केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ लोक अपघातांत गेले, आणि त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते. मागच्या माणसाच्या हातात ना हँडल असतं ना ब्रेक. खड्डा येतोय हे त्याला दिसतही नाही. आपली मुलगी त्या जागेवर बसते.

२००८ मध्ये कॉक्रेन या संस्थेने जगभरातल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला होता. हेल्मेटने दुचाकीस्वाराचा मृत्यूचा धोका ४२ टक्के आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्के कमी होतो, असं त्यात निघालं. मला विचाराल तर हे दोन आकडे शंभर चलानांपेक्षा मोठे आहेत.

धाकटीसाठी लहान मापाचं आयएसआय हेल्मेट मिळतं, तिलाच दुकानात न्या, रंग तिला निवडू द्या. दोन वर्षांनी वापरता येईल म्हणून मोठं घेऊ नका. शाळेच्या गेटवर ती एकटीच हेल्मेट घालून उतरेल, पहिले चार दिवस लाजेल. बाबांच्या डोक्यावरही असलं तर लाजणार नाही. (आणखी लहान बाळं असलेल्या वाचकांसाठी: चार वर्षांखालच्या मुलांसाठी २०२३ पासून वेगळा नियम आहे. मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा सेफ्टी हार्नेस, नऊ महिन्यांवरच्या मुलाला हेल्मेट आणि गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत.)

म्हणजे तुमच्या घरात एका रविवारी तीन हेल्मेटं यायला हवीत: मुलाचं, मुलीचं, यजमानांचं. तुम्ही मागे बसत असाल तर चार. हा खर्च बाइकच्या डाउन पेमेंटच्या आधी करा.

हेल्मेटखेरीज बाकीच्या सामानात मी क्रम लावते तो असा. हातमोजे आधी, कारण पडताना माणूस पहिल्यांदा हात टेकतो आणि तळव्याची कातडी डांबरावर सोलली जाते. तळव्यावर जाड कातडं आणि बोटांच्या सांध्यांवर कडक गार्ड असलेले घ्या. मग बूट, घोटा झाकणारे. चप्पल आणि क्रॉक्सवर गाडी नाही, हा नियम घरात करून टाका. रायडिंग जॅकेट उन्हाळ्यात आपल्याकडे असह्य होतं, म्हणून जाळीचं घ्या. त्याच्या खांद्या-कोपरांतल्या पॅडवर युरोपीय ईएन १६२१ मानकाचा शिक्का आहे का, ते बघा. नुसता फोम भरलेली जॅकेटं पुष्कळ विकली जातात, ती पाहून मुलं खूश होतात आणि पडल्यावर कोपर फुटतं. पावसाळ्यात रेनकोट पिवळा किंवा भगवा घ्या, काळा नको. पावसात कंटेनरवाल्याला काळा रेनकोट दिसत नाही. उडत राहणारी पावसाळी टोपरी तर अजिबात नको.

आता बाइक. द्या, असं माझं मत आहे, पण तीन अटींवर. पहिली अट गाडीच्या ताकदीची. २०० सीसी पहिली गाडी म्हणून मला जास्त वाटते. तुमच्या घरात कुणी १२५ सुचवेल, त्यालाही माझी एक हरकत आहे. १२५ सीसीपेक्षा जास्त क्षमतेच्या गाडीला एबीएस सक्तीचं आहे, त्याखालच्या बहुतेक गाड्यांना फक्त दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी सीबीएस यंत्रणा असते. एबीएसमुळे घाबरून ब्रेक दाबला तरी चाक लॉक होत नाही. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी-चिखल असताना नवख्याला हेच हवं. म्हणून १५०-१६० सीसीची, एबीएसची, आणि ज्यावर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकतात अशी गाडी बघा. दुसरी अट, आरसे आणि साडी गार्ड काढायचे नाहीत. मुलं गाडी घरी आणल्या-आणल्या हेच दोन काढतात, दोन्ही नियमांनुसार बंधनकारक आहेत आणि मागे बसणाऱ्या मुलीची ओढणी चाकात जाऊ नये म्हणून तो गार्ड असतो. तिसरी, हेल्मेटचा पट्टा न लावता एकदाही दिसला तर चावी पंधरा दिवस तुमच्याकडे. ही अट यजमानांच्या तोंडून येऊ द्या.

तोपर्यंत कॉलेज? ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोलीला जायचं. घोडबंदरवरून स्टेशनपर्यंत टीएमटी. कंटाळवाणं आहे, मला माहीत आहे, माजिवड्याला बस अडकते. पण जून ते सप्टेंबर या रस्त्यावर नवशिक्याने नसणंच बरं, आणि तारखाही तशाच जुळून आल्या आहेत. वाढदिवसाला अठरा पूर्ण झाली की त्याला परिवहनच्या सारथी पोर्टलवर आधार वापरून घरबसल्या लर्निंग लायसन्सची परीक्षा देता येईल. ते सहा महिने चालतं आणि तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. म्हणजे पाऊस ओसरल्यावरच तो एकटा रस्त्यावर येईल.

त्या तीस दिवसांत गाडीला पुढे-मागे 'एल' लावायचा, मागे फक्त लायसन्सवाला शिकवणारा माणूस बसेल, मित्र नाही. रविवारी पहाटे मोकळ्या रस्त्यावर दिरांनाच बरोबर जाऊ द्या. ताशी ३०-४० वरून पुढचा-मागचा ब्रेक एकत्र दाबून सरळ थांबणं, हे त्याला इतक्या वेळा करायला लावा की विचार न करता जमेल. वळणं आणि यू-टर्न नंतर. ऐरोलीचा रस्ता आधी गर्दी नसताना, दिवसाउजेडी, दिरांच्या मागे बसून एकदा नीट बघून घेऊ द्या: कळव्यात कुठे लेन अरुंद होते, विटाव्याला पाणी कुठे साचतं, ठाणे-बेलापूर रस्त्यावर अवजड गाड्या कुठल्या बाजूने वळतात. मागे बसतानाही हेल्मेट डोक्यावर, पट्टा लावलेला.